मदत हवी आहे: सीओ-३ (तिसरा कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून पोरांना काय यायला हवं ते) ची लेव्हल शून्यच येतेय, उद्या फाइल द्यायचीय

खडू_डस्टर: वैतागलेय. एक्सेल शीट सगळी भरली, दोनदा तपासली, बाकीचे सीओ २ नाहीतर ३ वर आणि सीओ-३ एकटाच शून्यावर. एचओडी म्हणतात "काहीतरी कर", काय करू? सीओ-३ चा टॉपिक नॉर्मलायझेशन, तो पोरांना जमतो हो, पेपर मीच तपासलेत. पटकन सांगा कोणीतरी.

लोकल_समीक्षक: फाइल नॅकची की एनबीएची (कॉलेज-कोर्स तपासून मानांकन देणाऱ्या संस्था)? लेव्हल कशा ठरवल्यात? वर्गात किती? ताई, काहीच न सांगता आम्ही काय सांगणार.

खडू_डस्टर: एनबीएच हो, इंजिनिअरिंगला आणखी काय. ६० टक्क्यांच्या वर मार्कवाली पोरं ५० टक्के असली की १, ६० ला २, ७० ला ३. वर्ग ६४ चा.

निवांत_मास्तर: एक्झिट सर्व्हे (कोर्स संपल्यावर पोरांनीच भरायचा फॉर्म) जोडला का? आमच्याकडे ८० टक्के परीक्षा, २० टक्के सर्व्हे. पोरं डोळे मिटून ३ ठोकतात, आकडा वर.

लोकल_समीक्षक: म्हणजे शिकले किती ते सोडून पोरांचा मूड मोजायचा. छान.

निवांत_मास्तर: तुम्ही कधी फाइल बनवलीय का? २०१४ ला भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंग पदव्या एकमेकांच्या देशांत मानायचा करार) गेला तेव्हापासून हाच कागदांचा डोंगर उपसतोय.

केटी_किंग: सर रिव्हॅल्युएशनचा निकाल कधी लागतो कोणी सांगेल का

पार्लेकर: सीओ-३ कुठल्या प्रश्नात होता? ऑप्शन होता का?

खडू_डस्टर: हो ना, दुसरा प्रश्न, अ किंवा ब. अ सीओ-२ चा, ब सीओ-३ चा. ब २३ जणांनी सोडवला, त्यातले १७ साठच्या वर.

पार्लेकर: मग तिथेच घोळ. ज्यांनी ब सोडवलाच नाही त्यांचा खाना रिकामा आहे की ०? ० असेल तर शीट ६४ ने भागतेय, साडेसव्वीस टक्के, लेव्हल कुठून येणार. २३ ने भागा, जवळपास ७४, सरळ ३.

लोकल_समीक्षक: थांबा. उरलेल्या ४१ जणांना नॉर्मलायझेशन येतं कशावरून? ज्यांना येत होतं त्यांनीच ब घेतला असणार. ऑप्शनचे दोन्ही प्रश्न एकाच सीओवर हवेत, हे पेपर काढतानाच बघायचं असतं.

पार्लेकर: मान्य, पण पेपर होऊन गेला ना आता. ताई, असाइनमेंट नाहीतर प्रॅक्टिकल असं काही सगळ्या ६४ जणांनी केलंय का सीओ-३ वर? तेही धरा.

निवांत_मास्तर: नवीन फॉरमॅटात पीओ (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे पूर्ण पदवीतून काय यायला हवं ते) १२ चे ११ झालेत, सीओ-पीओचं मॅपिंग जुनंच ठेवलं नाही ना?

खडू_डस्टर: पीओचं कोणी विचारलं हो!! बघितलं आत्ता, ४१ खान्यांत ० च आहे, मीच वरून खाली ड्रॅग केलं होतं. आणि असाइनमेंट आहे, सगळ्यांची. पण सगळ्यांना १० पैकी ९ आहेत.

लोकल_समीक्षक: सगळ्यांना ९?

खडू_डस्टर: विरार लोकलमध्ये उभ्याने तपासलीत.