मदत हवी आहे: ७ वर्षांच्या मुलाला सीबीडी तेल, किती थेंब?

भिवघाट
भांगेच्या झाडातल्या सीबीडीचं (कॅनाबिडिऑल) तेल आणलंय. बाटली ३० मिलीची आहे, वर १००० मिग्रॅ लिहिलंय. मुलगा ७ वर्षांचा. औषधं चालू असूनही फिट थांबत नाहीत. रोज किती थेंब द्यायचे, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, एवढंच हवंय. "डॉक्टरांना विचारा" लिहिणार असाल तर नका लिहू, पुढची तारीख महिन्यानं मिळाली आहे. आज रात्रीपासून सुरू करायचंय.

मिरज_फार्मा
आज रात्री नको. आधी हे सांगा: मुलाचं वजन, चालू औषधांची नावं मिग्रॅसकट, फाइलवर लिहिलेलं निदान, आणि ते १००० मिग्रॅ नेमके कशाचे आहेत. वय फारसं कामाचं नाही, या औषधाचा डोस वजनावर ठरतो.

खणभाग
गांजाचं तेल लहान पोराला? अ‍ॅडमिन, धागा उडवा. एनडीपीएस, अमली पदार्थांचा कायदा, लागतो याला.

कोर्टकचेरी
खणभाग, सरसकट लागत नाही. १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं वगळली आहेत. पानांवर राज्याचा कायदा चालतो, आपल्याकडे दारूबंदीचा १९४९ चा कायदा भांगेलाही लागू आहे. आयुष परवान्यावर निघणारी विजयायुक्त, म्हणजे भांग असलेली, औषधं हा आणखी वेगळा कप्पा. भांग औषधद्रव्य नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे, त्यामुळे लेबलवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशा अर्थाची सूचना असायलाच हवी. नसेल तर ती बाटली उघडूच नका.

तासगाव_बेदाणा
एवढं काय घाबरवताय लोकांना? हेम्पचं, म्हणजे याच झाडाचं, तेल ऑनलाइन उघड मिळतं, आमच्याकडं चटणीवर घेतात. चमचाभर दिलं तरी काय होत नाही.

मिरज_फार्मा
तुमचं ते बियांचं तेल, तिळाच्या किंवा जवसाच्या तेलासारखं खाद्यतेल. त्याला अन्न म्हणून एफएसएसएआयनं २०२१ मध्ये परवानगी दिली. त्यात सीबीडी जवळपास नसतं, म्हणून काही होत नाही आणि फिटही थांबत नाही. इथला प्रश्न दुसऱ्या तेलाचा असावा. भिवघाट दादा, लेबल वाचलंत का?

भिवघाट
दादा नाही, मी मुलाची मावशी. फाइल बहिणीकडं आहे. वजन १८ किलो धरा. औषधं दोन, एक सिरप आणि एक अर्धी गोळी. लेबलवर "विजया अर्क १००० मिग्रॅ, तिळाचं तेल" असं आहे. रंग काळपट हिरवा. वैद्यकीय देखरेखीची सूचना आहे. आता तरी थेंब सांगा.

मिरज_फार्मा
ताई, गोम इथंच आहे. १००० मिग्रॅ अर्काचे आहेत, सीबीडीचे नाहीत. अर्कात सीबीडी किती, नशा आणणारं टीएचसी किती, मेण आणि हरितद्रव्य किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. काळपट हिरवा रंग म्हणजे कच्चा अर्क.

तरी हिशोब बघा. अभ्यासलेलं जे शुद्ध कॅनाबिडिऑल आहे, ज्याला अमेरिकेत २०१८ मध्ये लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या फिटच्या दोन आजारांसाठी आणि २०२० मध्ये ट्युबरस स्क्लेरोसिसमधल्या फिटसाठी मान्यता मिळाली, ते १०० मिग्रॅ प्रति मिली असतं. पहिल्या दोन आजारांत सुरुवात किलोमागे २.५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. १८ किलोला ४५ मिग्रॅ, म्हणजे ०.४५ मिली एका वेळेला. आठवड्यानं दुप्पट, ०.९ मिली दोनदा. गरज पडली आणि सोसलं तर त्याच्याही दुप्पट, पुढं नाही.

तुमच्या बाटलीत मिलीला ३३ मिग्रॅ अर्क. सगळाच्या सगळा सीबीडी आहे असं मानलं तरी पहिल्या आठवड्याचे रोजचे ९० मिग्रॅ गाठायला २.७ मिली लागेल, बाटली ११ दिवसांत संपेल. दोन-चार थेंबांनी फिट थांबतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि थेंब हे माप नव्हे. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, तेलाचा थेंब त्याहून बारीक पडतो आणि ड्रॉपर बदलला की आकडा बदलतो. मेडिकलमधून १ मिलीची सुई नसलेली तोंडी सिरिंज आणायची, ०.०५ च्या खुणा असलेली.

वारणाकाठ_वैद्य
शुद्ध रेणू, शुद्ध रेणू! वनस्पती अख्खी द्यावी, तिची द्रव्यं एकमेकांना सांभाळून घेतात. भांग शोधन करूनच वापरतात. पानं पाण्यात धुवायची, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत, मग सुकवून गाईच्या तुपात मंद भाजायची. जातीफलादि चूर्णात भांग आहेच की. कलकत्त्यात ओ'शॉनेसी डॉक्टरांनी १८३९ मध्ये भांगेचे प्रयोग छापले, झटके येणाऱ्या तान्ह्या मुलीलाही अर्क दिला होता.

मिरज_फार्मा
वैद्यराज, शोधनाला हरकत नाही, पण धुण्यानं पाण्यात विरघळणारं निघून जातं. टीएचसी आणि सीबीडी पाण्यात विरघळत नाहीत, ते तुपात उतरतात. भाजल्यानं तर आम्लरूपातलं टीएचसीए तापून टीएचसी होतं, म्हणजे नशा आणणारा भाग वाढतो. ओ'शॉनेसींच्या काळात अर्कात काय किती आहे हे मोजायची सोय नव्हती. सीबीडीची रचना १९६३ मध्ये आणि टीएचसीची १९६४ मध्ये मेशुलाम यांच्या गटानं उलगडली, त्यानंतर डोस हा शब्द वापरता येऊ लागला.

अख्ख्या वनस्पतीचं म्हणाल तर या दोघांची कामाची जागाच वेगळी. टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ ग्राहीला चिकटतं, त्यातून नशा, भूक, झोक जाणं. सीबीडी तिथं नीट बसतच नाही. फिटवर त्याचा परिणाम जीपीआर-५५, टीआरपीव्ही-१ आणि अ‍ॅडेनोसिनच्या मार्गानं होतो असं धरतात. सात वर्षांच्या मेंदूला फिटसाठी टीएचसी द्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

वारणाकाठ_वैद्य
मात्रा कमी ठेवली तर बाधत नाही.

मिरज_फार्मा
कमी म्हणजे किती, ते मिग्रॅत सांगा.

कीटो_विश्रामबाग
तेलाच्या मागं लागण्यापेक्षा कीटोजेनिक आहार का नाही करत? चार भाग स्निग्ध आणि एक भाग प्रथिनं-कर्बोदकं मिळून, ग्रॅमच्या काट्यावर मोजून. औषधांना दाद न देणाऱ्या फिटमध्ये हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. साखरेचं सिरप बंद करून गोळ्या घ्याव्या लागतात, लोक तिथंच फसतात.

मिरज_फार्मा
उपाय चांगला, पण घरच्या घरी सुरू करायचा नाही. आधी कार्निटिनची कमतरता आणि फॅटी अ‍ॅसिड जाळण्याचे जन्मजात दोष नाहीत हे तपासावं लागतं, नाहीतर मूल अत्यवस्थ होतं. ताई, त्या दोन औषधांची नावं अजून आलेली नाहीत.

शेतीवाडी_वाळवा
याची शेती केली तर? उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून बसतंय का? बियाणं कुठं मिळंल?

कोर्टकचेरी
शेतीवाडी, उसात लावलेली झाडं पोलीस उपटतात आणि मालकालाही नेतात. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. उत्तराखंडनं ०.३ टक्क्यांखाली टीएचसी असलेल्या वाणाला परवाने दिले, ते तिथल्यासाठी. तुम्ही हळदच लावा.

भिवघाट
फोन करून विचारलं. सिरप सोडियम व्हॅल्प्रोएट, ५ मिलीत २०० मिग्रॅ, दोन वेळा. गोळी क्लोबाझम, रात्री अर्धी. निदान म्हणून "लेनॉक्स-गॅस्टॉ" लिहिलंय. विकणाऱ्यानं सांगितलं, तेल सुरू केल्यावर हळूहळू बाकीची औषधं सोडून द्या.

मिरज_फार्मा
सोडायची अजिबात नाहीत, हे आधी बहिणीला फोन करून सांगा. व्हॅल्प्रोएट किंवा क्लोबाझम एकदम तोडलं तर फिट लागून राहते, आणि ती घरी आटोक्यात येत नाही. सीबीडीच्या चाचण्या चालू औषधांवर भर म्हणून झाल्या, त्यांच्या जागी नाही. ड्रॅव्हेच्या २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत १२० मुलं होती. सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला, सीबीडी नसलेलं नुसतं द्रावण घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. उपयोग आहे, पण पूर्ण थांबणं थोड्यांच्या वाट्याला येतं.

आता तुमच्या दोन औषधांकडं.

क्लोबाझम पोटात गेलं की त्याचं एन-डेस्मिथाइलक्लोबाझम होतं आणि तेही गुंगी आणणारंच. ते सीवायपी-२सी१९ नावाच्या विकरानं मोडतं. सीबीडी नेमकं तेच विकर अडवतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण तिपटीच्या आसपास जातं. मूल दिवसभर झोपतं, लाळ गळते, घास नीट गिळत नाही, ठसका लागून छातीत इन्फेक्शन होतं. घरच्यांना वाटतं तेल लागू पडलं, पोरगं शांत झालं. त्या वेळी क्लोबाझम कमी करायचं असतं आणि ते न्यूरोलॉजिस्टच करतात.

व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची विकरं चढतात. म्हणून सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, मग १, ३ आणि ६ महिन्यांनी परत. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पट ओलांडलं तर बंद. एसजीपीटी एकटंच पाचपटीवर टिकून राहिलं तरी बंद.

जेवणाचं विचारलं होतंत. भरपूर स्निग्ध जेवणासोबत सीबीडी रक्तात उपाशीपोटीच्या चौपट उतरतं. म्हणून आधी की नंतर यापेक्षा रोज एकसारखं महत्त्वाचं. एक दिवस उपाशी, एक दिवस तुपाच्या पोळीवर, असं केलं तर डोस मोजण्याला अर्थच राहत नाही.

कुपवाड_लॅब
बाटलीवर बॅच नंबर असेल. त्या बॅचचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडून मागवा, "नमुना अहवाल" चालवून घेऊ नका. बघायचं काय: सीबीडी, सीबीडीए, टीएचसी, टीएचसीए असे वेगवेगळे आकडे हवेत. पद्धत एचपीएलसी (न तापवता द्रवातून घटक वेगळे करण्याची) हवी, कारण गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो आणि आम्लरूप वेगळं दिसत नाही. एकूण टीएचसी काढायला टीएचसीएला ०.८७७ नं गुणून टीएचसीत मिळवा. शिसं, कॅडमियम, कीटकनाशकं, उरलेलं द्रावक हेही असावं, हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. एकक नीट बघा. मिग्रॅ प्रति ग्रॅम असेल तर साधारण ०.९२ नं गुणलं की मिलीचा आकडा येतो.

भिवघाट
अहवाल पाठवला त्यांनी. सीबीडी ०.७ टक्के, टीएचसी १.३ टक्के. बाकी आम्लरूप वगैरे रकाने कोरे आहेत. टक्क्यांचं काय करायचं?

कुपवाड_लॅब
०.७ टक्के म्हणजे ग्रॅमला ७ मिग्रॅ, मिलीला सुमारे ६.४ मिग्रॅ सीबीडी. टीएचसी मिलीला सुमारे १२ मिग्रॅ. कोरे रकाने म्हणजे मोजलंच नाही, शून्य समजू नका.

मिरज_फार्मा
मग ९० मिग्रॅ सीबीडीसाठी रोज १४ मिली तेल, आणि त्यातून १६८ मिग्रॅ टीएचसी. मोठ्या माणसाला टीएचसीची औषधी गोळी २.५ मिग्रॅनं दोनदा सुरू करतात. वैद्यराज, "कमी मात्रा" याच्यात कुठं बसते ते सांगा.

पोटातून घेतलेलं टीएचसी चढायला १ ते ३ तास लागतात. पहिल्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही म्हणून लोक परत देतात, मग मूल झोक जाऊन पडतं, बेशुद्धही होतं. ही बाटली मुलाला द्यायची नाही. सीबीडीसाठी घेतलीत, पण निघालं टीएचसीचं तेल.

वारणाकाठ_वैद्य
या बाटलीपुरतं मान्य. मीही लहान मुलाला ही दिली नसती. पण यावरून सगळी विजया वाईट ठरत नाही.

मिरज_फार्मा
तसं म्हटलंही नाही. ताई, महिनाभर वाट बघू नका. झटक्यांचे मोबाइलवर व्हिडिओ, तारीख-वेळ लिहिलेली वही आणि हा अहवाल घेऊन क्लिनिकला कळवा, लेनॉक्स-गॅस्टॉ आणि वाढलेल्या फिट म्हटल्यावर तारीख बरेचदा अलीकडं देतात. विचारायचं ते एवढंच: १०० मिग्रॅ प्रति मिलीचं शुद्ध कॅनाबिडिऑल या मुलाला लिहून देता येईल का, आणि दिलं तर क्लोबाझम कितीवर आणायचं. तोवर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरात आहे ना? झटका ५ मिनिटांवर गेला तर स्प्रे आणि लगेच गाडी.

भिवघाट
स्प्रे आहे, पण कधी वापरला नाही, तारीख बघायला सांगते. यकृताची तपासणी गेल्या दिवाळीत केली होती, ती चालेल का?

मिरज_फार्मा
नाही, नवी करा. व्हॅल्प्रोएट चालू आहे म्हणून प्लेटलेटही त्याच रक्तात बघून घ्या, मुलाला दोनदा सुई नको. स्प्रे पहिल्यांदा वापरताना आधी हवेत दोन-तीनदा दाबून फवारा नीट येतोय ना ते बघावं लागतं, ते आजच करून ठेवायला सांगा.