रोजच्या दिवसात गाणे रुजते कसे?

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहतो. कामावरून आल्यावर गाणी लावतो, पण ती नुसती मागे वाजत राहतात. ती मनात रुजावीत म्हणून आपण काय करता?

उत्तर १ : पंधरा दिवस पहाटे एकच राग ऐकावा. भैरव रागातला आंदोलित कोमल रिषभ, म्हणजे झुलवत घेतलेला उतरा ‘रे’, मला आठव्या दिवशी कळला. चहाचे आधण उकळत होते आणि तो स्वर हलकेच झुलताना अचानक स्पष्ट ऐकू आला.

उत्तर २ : ऐकण्याइतकेच म्हणणेही आवश्यक आहे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरची भजने गावोगावी नेली. आमची आजी तीच सडा टाकताना म्हणत असे, आणि तिच्यामागे म्हणता म्हणता, कोणीही न शिकवता, आम्हांला ताल आला.

उत्तर ३ : सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात समोर बसून ऐका.