ग्लुकागॉन आणि जीएलपी-1 एकाच प्रोटीनमधून?? मग एक साखर वाढवतं, दुसरं कमी करतं, असं कसं

कोथिंबीरवडी: बीएस्सीला एन्डोक्राइन चालू आहे, एका ठिकाणी गाडी अडलीये. पुस्तकात दिलंय की ग्लुकागॉन आणि जीएलपी-1 (ज्याची नक्कल करून ती वजनाची इंजेक्शनं बनवलीत तेच) दोन्ही प्रोग्लुकागॉनमधून येतात, जीन पण एकच. पण ग्लुकागॉन लिव्हरला साखर सोडायला लावतं आणि जीएलपी-1 इन्सुलिन वाढवून साखर खाली आणतं, मग शरीर दोन्ही बनवून स्वतःशीच भांडतं का?

पेशीवाला: नाही गं, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बनतात. 160 अमिनो आम्लांची साखळी तीच, पण ती कुठे कापली जाणार हे त्या पेशीत कुठली कात्री आहे त्यावर. पॅन्क्रियाजच्या अल्फा सेल्समध्ये पीसी2 एन्झाइम असतं, ते 29 अमिनो आम्लांचं ग्लुकागॉन सुटं करतं आणि जीएलपी-1चा भाग उरलेल्या मोठ्या तुकड्यात तसाच पडून राहतो. आतड्यातल्या एल सेल्समध्ये पीसी1/3, तिथे जीएलपी-1 आणि जीएलपी-2 सुटतात नि ग्लुकागॉन ग्लायसेंटिन नावाच्या मोठ्या तुकड्याच्या आत अडकलेलं. वेळही वेगळी, उपाशी असलीस की अल्फा सेल्सचा जोर आणि जेवल्यावर एल सेल्सचा. काप बहुतेक लायसिन-आर्जिनिनसारख्या जोडीपाशी बसतो, पेपरात हे लिहीच.

उगाचएक: वरचं बरोबर आहे पण पुस्तकं सांगतात तितकी पक्की भिंत नाहीये, अल्फा सेल्स पण थोडं जीएलपी-1 बनवतात. आणि खरं जीएलपी-1 रक्तात जेमतेम दोनेक मिनिटं टिकतं, डीपीपी-4 एन्झाइम लगेच तोडतं. डायबेटिसची सिटाग्लिप्टिन गोळी त्या डीपीपी-4लाच अडवते, आणि सेमाग्लुटाइडमध्ये (तू म्हणालीस त्या वजनाच्या इंजेक्शनांपैकी एक) साखळीत थोडा बदल करून वर फॅटी अॅसिड जोडलंय, ते रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनला चिकटून राहतं म्हणून आठवड्याला एकच इंजेक्शन पुरतं.

कोथिंबीरवडी: ओह ओके!! थँक्यू दोघांना. अजून कुठल्या हॉर्मोनचं असं असतं का, एखादं उदाहरण पाठ करून ठेवते

पेशीवाला: पीओएमसी कर, तेही असंच कापलं जाणारं एक मोठं प्रोटीन. पिट्युटरीच्या पुढच्या भागात पीसी1/3 त्यातून 39 अमिनो आम्लांचं एसीटीएच (अॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हॉर्मोन) काढतं, हायपोथॅलॅमसमध्ये पीसी2 ते आणखी कापतं आणि एसीटीएचचीच पहिली 13 अमिनो आम्लं अल्फा-एमएसएच म्हणून बाहेर येतात, ते भूक कमी करतं. बीटा-एन्डॉर्फिन पण याच पीओएमसीमधलं. व्हायव्हाला अॅडिसन्स हा आजार विचारतात, तिथे अॅड्रिनल कॉर्टिसॉल बनवत नाही म्हणून पिट्युटरी एसीटीएच ओतत सुटते आणि एसीटीएचचा सुरुवातीचा तो भाग अल्फा-एमएसएचसारखाच असल्याने रंगाच्या पेशींचा रिसेप्टरही चालू होतो, म्हणून पेशंटच्या हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडतात.