‘सैराट’ला हिंदीत काय म्हणावे?

उंबरठा
हिंदी भाषक चित्रपटरसिकांच्या एका मंडळासाठी मी ‘सैराट’ या मराठी चित्रपटाचे दोन पानी परिचयपत्रक तयार करते आहे. नागराज मंजुळे, अजय-अतुल, छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी, संवादलेखक भारत मंजुळे या साऱ्यांविषयी लिहून झाले, परंतु शीर्षकाचा अर्थ सांगणारी एक ओळ काही केल्या जमत नाही. ‘बेलगाम’ लिहिले, तर माझ्या मावशींनी लगेच हरकत घेतली. त्यांच्या मते ‘सैराट’ म्हणजे सरळ ‘मोकाट’, दावे तोडून सुटलेल्या गुरासारखा, आणि हा शब्द कौतुकाने कोणी वापरतच नाही. मला मात्र त्यात आनंद ऐकू येतो. इंग्रजीत ‘वाइल्ड’ हा पर्याय घेतला गेला होता, पण त्यातून फक्त रानटीपणा पोहोचतो असे मला वाटते. ‘सैराट’मध्ये निंदा आहे की नाही?

जुनाकोश
निंदा आहे आणि नाहीही. मूळ शब्द ‘स्वैर’ आहे. प्राकृतात त्याचे ‘सइर’ झाले आणि मराठीत ‘सैर’, जसे ‘स्वप्न’चे ‘सपान’ झाले. ‘सैरावैरा’ आणि ‘सैरभैर’ हे त्याच घरातले. आता ‘स्वैर’ आपण कसा वापरतो पाहा. ‘स्वैर अनुवाद’ म्हटले की ती मान्यताप्राप्त पद्धत ठरते आणि ‘स्वैराचार’ म्हटले की तो दोष ठरतो. मुळातच दोन्ही छटा असल्यामुळे तुम्ही आणि तुमच्या मावशी, दोघींनाही शब्दाचा आधार आहे.

पायवाट
‘स्वैर’पर्यंत जाण्याची गरज मला पटत नाही. ‘सैर करणे’ हा प्रयोग डोळ्यांसमोर असताना त्याला बाजूला का सारावे? मनाला येईल तिकडे फिरणे, हाच ‘सैराट’चा गाभा आहे. अरबी-फारसीतून आलेला शब्द दिसला की त्यावर संस्कृत पूर्वज बसवायचा, ही आपली जुनी खोड आहे.

जुनाकोश
ही खोड अस्तित्वात आहे हे मान्य, पण इथे ती लागू पडत नाही. ‘सैर’ म्हणजे मजेचा फेरफटका, आणि त्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटत नाही. ‘सैरावैरा पळत सुटले’ या वाक्यात कोणी फेरफटका मारत नसतो. ‘सैराट’ या दुसऱ्या अर्थाजवळ बसतो, म्हणून मी ‘स्वैर’ धरतो.

भीमाकाठ
मी करमाळा तालुक्यातला आहे, ज्या तालुक्यात मंजुळ्यांचे जेऊर आहे आणि जिथे या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण झाले. आमच्याकडे हा शब्द चित्रपटामुळे आलेला नाही. माझे आजोबा उधळलेल्या खोंडाबद्दलही तो वापरत आणि पहिल्या पावसात अंगणभर धावणाऱ्या नातवंडांबद्दलही वापरत. दोन्ही वेळा शब्द एकच असे, फक्त आवाज बदलत असे. उंबरठा यांच्या मावशींनी पहिला आवाज ऐकला असावा.
‘मोकाट’शी मात्र तो पूर्ण जुळत नाही. मोकाट सुटलेल्याला कोणीतरी बांधायला हवे होते असा सूर त्यात असतो, कारण तिथे मालक गृहीत धरलेला आहे. ‘सैराट’मध्ये मालकाचा विचारच नाही. चित्रपटाची नायिका आर्ची पाटलांची मुलगी आहे, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. तिला ‘मोकाट’ तिच्या घरचे म्हणतील, पण ‘सैराट’ ती स्वतःला म्हणू शकेल.

टाळमृदंग
शीर्षकगीताकडे कोणी व्याकरणाच्या बाजूने पाहिले आहे का? ‘सैराट झालं जी’ या ओळीत ‘झालं’ नपुंसकलिंगी आहे. तो झाला नाही आणि ती झाली नाही. मन म्हणा, काळीज म्हणा किंवा दोघांमध्ये जे काही घडले ते सगळे म्हणा, कर्ता मोकळा सोडला आहे. ‘आताच बया का बावरलं’मध्येही तेच. अजय गोगावले आणि चिन्मयी हे दोघे ती ओळ गातात, तेव्हा ती दोघांचीही सारखीच होते. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे अनुवादकाला ‘हुआ’ किंवा ‘हुई’ यांतले एक निवडावेच लागते. खरी अडचण तिथे आहे, ‘बेलगाम’ की ‘उन्मुक्त’ ही निवड त्यानंतरची. आणि तो ‘जी’ आदरार्थी हिंदी ‘जी’ नव्हे हेही परिचयपत्रकात लिहा, कारण त्याचे नाते शाहिरांच्या ‘जी जी’ या झिलीशी, म्हणजे साथीदारांच्या पालुपदाशी आहे.

उंबरठा
हे फार उपयोगी आहे. हिंदीत 2018 मध्ये पुनर्निर्मिती झाली तेव्हाही संगीत अजय-अतुल यांचेच होते. त्यांनी ‘झिंगाट’ गाण्यातला तो शब्द जसाच्या तसा ठेवला, ‘याड लागलं’ या गाण्याचे ‘पहली बार’ झाले आणि चित्रपटाचे नाव ‘धडक’ ठेवले गेले. मराठी कानाला ‘धडक’ म्हणजे आघात, हिंदी कानाला हृदयाचे ठोके. म्हणजे ‘सैराट’साठी त्यांनाही प्रतिशब्द मिळाला नसावा.

पायवाट
‘झिंगाट’ ठेवता आला, कारण त्याचा अर्थ ठेक्यातूनच कळतो. पण तो मुळात शब्द आहे का? 29 एप्रिल 2016 पूर्वी मी तो ऐकलेला नाही.

जुनाकोश
घडवलेला असला तरी नियमाने घडवलेला आहे. मराठीत दोन ‘आट’ आहेत. कडकडाट, गडगडाट, लखलखाट ही द्विरुक्तीवरून झालेली नामे एका बाजूला, आणि मोकाट, पिसाट, सुसाट, भन्नाट ही विशेषणे-क्रियाविशेषणे दुसऱ्या बाजूला. ‘सैराट’ दुसऱ्या गटात आहे, आणि ‘झिंगणे’वरून ‘झिंगाट’ही तिथेच बसतो. या गटातले बहुतेक शब्द वेग किंवा सुटलेला ताबा दाखवतात. ज्याने तो घडवला त्याला भाषेची नस ठाऊक होती.

शाईदौत
आपण एक गोष्ट सोडून देत आहोत. या शब्दाचा अर्थ 2016 नंतर बदलला आहे. आंतरजातीय विवाहानंतर घरच्यांनीच जोडप्याचा किंवा मुलीचा जीव घेतल्याची बातमी आली, की ‘सैराटची पुनरावृत्ती’ हा मथळा ठरलेला असतो. चित्रपटाची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. हैदराबादेतल्या उत्तरार्धात गाणे नाही आणि शेवटी, त्या जोडप्याच्या हत्येनंतर, तर आवाजही नाही. दिग्दर्शकाने ज्या शब्दात गाणे ठेवले, त्याच शब्दाला आपल्या वृत्तपत्रांनी खुनाचे नाव करून टाकले. परिचयपत्रकात ‘उन्मुक्त’ लिहून हे लपणार असेल, तर तो अर्धा अर्थ झाला.

भीमाकाठ
मला याचा मनापासून राग येतो. मारणाऱ्यांच्या कृत्याला ‘सैराट’ म्हणण्याचा कोणाला काय अधिकार आहे? सैराट ती दोन मुले झाली होती. मथळ्यात खून लिहावा, जात लिहावी. आमच्या बोलीतला धावणाऱ्या पोरांचा शब्द तिथे नको.

शाईदौत
तुमची भावना समजते, परंतु वापर असा मागे घेता येत नाही. लाखो वाचकांसाठी आज हाच पहिला अर्थ आहे, आणि कोशकाराला तो नोंदवावा लागेल.

जुनाकोश
नोंदवावा, पण ‘चित्रपटावरून आलेला लाक्षणिक वापर’ अशी खूण करून. शब्दार्थ आणि संदर्भ एकाच ओळीत मिसळू नयेत.

वळणदार
मला वेगळीच शंका आहे. ‘याड’ हे लेखन योग्य कसे? शब्द ‘वेड’ आहे. बोलीत काहीही उच्चारले तरी गीताच्या छापील शीर्षकात प्रमाण रूप असायला हवे, कारण मुले ते पाहून लिहायला शिकतात.

भीमाकाठ
‘याड’ हे काहीही उच्चारणे नाही. आमच्याकडे शब्दारंभीचा ‘व’ ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या आधी टिकत नाही. ‘विचार’चा ‘इचार’, ‘विहीर’ची ‘हीर’, ‘वेगळा’चा ‘येगळा’. त्याच्या जोडीला ‘ए’चा ‘या’ होतो, म्हणून ‘तेल’चे ‘त्याल’ आणि ‘शेत’चे ‘श्यात’. हे दोन्ही बदल ‘वेड’ला लावून पाहा, ‘याड’ मिळते. लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून या चित्रपटाचे संगीत मुद्रित केले गेले, आणि त्या सुरावटीवर करमाळ्याचा ‘याड’ तसाच राहिला. तो ‘वेड’ करून घेतला असता तर गाणे माझे राहिले नसते.

वळणदार
गाण्यात राहू द्या, माझा आक्षेप लेखनाला आहे. ‘याड’ चालत असेल तर उद्या ‘श्यात’ही छापावे लागेल.

टाळमृदंग
छापावे की! पण भीमाकाठ, तुमच्या नियमाने ‘वेडा’चा ‘याडा’ व्हायला हवा. ‘येडा’ मात्र सर्वत्र ऐकू येतो, अगदी मुंबईतही. नामाला ‘या’ आणि विशेषणाला ‘ये’ असे का?

भीमाकाठ
आमच्याकडे ‘येडा’ आणि ‘येडं’ असेच म्हणतात, ‘याडा’ नाही. ‘त्याल’चेही ‘तेलाचा’ होते, ‘त्यालाचा’ होत नाही. पुढे दीर्घ ‘आ’ आला की ‘या’ मागे हटतो असे मला वाटते. पण ‘येडं’मध्ये ‘आ’ नाही, त्याचे काय?

जुनाकोश
ते अनुस्वारयुक्त ‘अं’ पूर्वीचे ‘एं’ आहे, म्हणजे तिथेही पुढे स्वर होता. ‘याड’ आणि ‘त्याल’ व्यंजनान्त उच्चारले जातात. बंद (व्यंजनाने संपणाऱ्या) अक्षरात ‘या’, खुल्या (स्वराने संपणाऱ्या) अक्षरात ‘ये’, असा नियम मांडून पाहायला हवा. ‘पेठ’, ‘बेत’, ‘खेळ’ या शब्दांचे उच्चार तुमच्याकडे कसे होतात ते कळवाल का?