नोकरी, घर आणि कादंबरी: वेळ नेमका कोणाच्या वाट्याचा घ्यावा?

प्रश्न: पौडफाटा

नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पत्नी बँकेत आहे, मुलगी चौथीत शिकते आणि आई आमच्याजवळ असते. गेली काही वर्षे मी कथा लिहितो आहे व त्यांपैकी काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत. आता एक कादंबरी हाती घेतली आहे, पण ती निम्म्यावर येऊन थांबली आहे.

पुढे काय घडणार हे मला ठाऊक आहे, अडचण फक्त वेळेची आहे. रात्रीच्या जेवणानंतरचा तास-दीड तास आम्ही चौघे एकत्र असतो. त्या वेळी एखादी मालिका किंवा सिनेमा लावलेला असतो, आई मध्येच भरत नाट्य मंदिरात पाहिलेल्या जुन्या नाटकांच्या आठवणी सांगते आणि मुलगी प्रश्न विचारून सर्वांना थांबवते. वेळ काढायचा विषय निघाला की मित्र सर्वप्रथम टीव्ही बंद करण्याचा सल्ला देतात. पण आमच्या घरात करमणूक आणि कुटुंब यांची फारकत करता येत नाही. त्या वेळी मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले, तर मालिकेबरोबर माणसेही सुटतील अशी मला काळजी वाटते. नोकरी सोडण्याचा विचार नाही, कारण मराठी कादंबरीच्या मानधनावर चौघांचे घर चालत नाही आणि याबद्दल माझी कोणाकडे तक्रारही नाही.

ज्यांनी हे सारे सांभाळून दीर्घ लेखन पूर्णत्वास नेले आहे, त्यांनी वेळ कशातून काढला? प्रेरणादायी वचनांपेक्षा व्यवहारातले सांगावे, ही विनंती.

उत्तर: नारायणपेठकर

मी माध्यमिक शाळेत शिकवत होते आणि मुले लहान होती, त्या काळात माझी पहिली कादंबरी लिहून झाली. त्या अनुभवावरून सांगते, की कादंबरीचे सगळे काम एकाच जातीचे नसते आणि त्यामुळे सगळ्या कामाला एकाच जातीचा वेळ लागत नाही.

कच्चा खर्डा लिहिताना सलगता लागते. कोणते पात्र कोठे उभे आहे, कोण कोणापासून काय लपवत आहे, आधीच्या प्रकरणात कोणाचा स्वर कसा होता, हे सारे मनात पुन्हा गोळा होईपर्यंत बराच वेळ जातो आणि कोणी मध्येच हाक मारली की ते विस्कटते. याउलट संवाद तासणे, तपशील पडताळणे, प्रकरणांचा क्रम बदलून पाहणे, एखादा परिच्छेद निर्दयपणे काढून टाकणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी उत्तम होतात. म्हणून खर्ड्यासाठी पहाट राखावी आणि बाकीचे दिवसभरातल्या फटींवर सोपवावे. पहाट म्हणजे घरात नळाचे पाणी भरण्याची, डब्याची आणि शाळेच्या रिक्षाची गडबड सुरू होण्यापूर्वीचा वेळ. आठवड्यातून तीन पहाटा पुरतात. रोजचा हट्ट धरला तर एक दिवस चुकल्यावर मन सगळेच सोडून देते. मात्र त्या तीन दिवसांच्या आदल्या रात्री लवकर झोपावे, कारण झोप मोडून लिहिलेली पाने मला नंतर बहुतेक वेळा टाकून द्यावी लागली. शिवाय उठताना प्रसंग संपवून उठू नये. पुढचे वाक्य ठाऊक असतानाच थांबावे आणि समासात दोन ओळींचे टिपण ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेस सुरुवात शोधत बसावे लागत नाही.

एक विषयांतर करते, कारण हा सल्ला स्त्रियांना फार वेळा दिला जातो. घरकाम करता करता मनात रचत जावे, असे सांगताना लोक बहिणाबाईंचे नाव घेतात. त्यांनी जात्यावर आणि शेतात काम करताना ओव्या रचल्या हे खरेच आहे. परंतु त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या सोपानदेव चौधरींनी आणि नात्यातल्या आणखी एका माणसाने लिहून ठेवल्या म्हणून, आणि पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर. शिवाय छंदात बांधलेली ओळ स्मरणात टिकते, गद्य टिकत नाही. गद्य लिहिणाऱ्याला टेबल लागते, वेळ लागतो आणि तो मागण्यात काहीही गैर नाही.

उत्तर: वनाजरामवाडी

आपण कोथरूडहून खराडीला जाता, म्हणजे वनाज ते रामवाडी मेट्रो आपल्या उपयोगाची आहे. पुढे रिक्षा किंवा बस करावी लागते, पण वनाजला सुरुवातीलाच बसायला जागा मिळण्याची शक्यता असते आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग मिळतो. मी छापलेली पाने घेऊन जातो आणि पेन्सिलीने दुरुस्त करतो. वर नारायणपेठकर यांनी ज्याला फटींचे काम म्हटले आहे, ते सर्व या प्रवासात होते. स्वतः गाडी चालवत गेलात तर हा वेळ कायमचा गेला.

नोकरीसंबंधी दोन गोष्टी. हस्तलिखित कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या ईमेलमध्ये मुळीच ठेवू नये, आणि आपल्या नियुक्तीच्या करारातील बौद्धिक संपदेचे कलम एकदा नीट वाचावे. कित्येक करारांत त्याची भाषा फार व्यापक असते. दुसरे असे, की नोकरी ही लेखनाची शत्रूच असते असे मानू नये. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत असतानाच लिहीत होते. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे कथेचा निवाडा लेखकाच्या कीर्तीवरून होऊ नये. आणि पुढे आयुकासारखी संस्था उभी करतानाही त्यांचे कथालेखन थांबले नाही. ज्या कामात आपण दिवसाचे आठ-नऊ तास घालवतो, तेथली माणसे, त्यांची भीती आणि त्यांची भाषा मराठी कादंबरीत अजून पुरेशी आलेली नाही. आपण ती जवळून पाहता आहात.

उत्तर: यमनसायंकाळ

मी लिहीत नाही. माझे पती लिहितात, आणि या प्रश्नावर घरातल्या दुसऱ्या माणसाचे म्हणणे कोणीतरी मांडावे असे वाटले.

लेखकाने घेतलेल्या तासांचा घरच्यांना फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो अर्धवट उपस्थितीचा. माणूस ताटावर बसलेला असतो, मान हलवत असतो, मुलाने सांगितलेल्या गोष्टीवर हसतोही, आणि दोन मिनिटांनी तीच गोष्ट पुन्हा विचारतो. मुलांना हे आपल्याआधी कळते. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे यावरून पुष्कळ बोलाचाली झाल्या, कारण लेखन केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते हे आम्हाला कोणालाच ठाऊक नसे, आणि त्यामुळे ते चोवीस तास चालू आहे असेच वाटत राही. पुढे आम्ही वेळ ठरवला व तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला. त्या वेळेत दारावरची घंटा, आलेले पार्सल, सासूबाईंचे औषध हे सर्व मी पाहते. ती वेळ संपल्यावर मात्र वही बंद होते आणि ते पूर्णपणे आमचे असतात. एवढी मर्यादा आखल्यावर आमच्या मनातली अढी गेली.

दुसरी गोष्ट मी अधिक आग्रहाने सांगेन. लेखकाला जितके तास मिळतात, तितके घरातल्या दुसऱ्या माणसालाही मिळाले पाहिजेत, आणि त्या तासांत ते माणूस काय करते हे विचारले जाऊ नये. मी गाणे शिकते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासूबाई यांची जबाबदारी पतींकडे असते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला मी जाते, तेव्हा ते घरी थांबतात. आपल्या पत्नी बँकेतून थकून येत असणार. त्यांना कशासाठी वेळ हवा आहे, हे आपल्या प्रश्नात कोठेही आलेले नाही. कादंबरीचे वेळापत्रक करण्याआधी हे त्यांना विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रात्रीच्या त्या तासाला मात्र हात लावू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. कमी करायचे असेल तर सर्वजण झोपल्यावर एकट्याने फोनवर जे पाहिले जाते, ते करावे. त्यात घरातले कोणीही सामील नसते आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही आठवतही नाही.

प्रतिसाद: पौडफाटा

सर्वांचे मनापासून आभार. यमनसायंकाळ, आपले उत्तर वाचून मी काल पत्नीशी बोललो. तिला रविवारची सकाळ पूर्णपणे स्वतःसाठी हवी आहे, आणि त्या बदल्यात शनिवारची सकाळ माझी, असे ठरते आहे. अडचण अशी की शनिवारी घरात पाहुण्यांची ये-जा असते आणि बसायला वेगळी खोली नाही. शिवाय एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा मागितली आहे. ती स्वीकारावी का?

उत्तर: नारायणपेठकर

कथा या वर्षी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळी अंकांचे साहित्य बहुधा पावसाळ्यातच द्यावे लागते, म्हणजे जून ते ऑगस्ट आपला सगळा सलग वेळ त्या कथेकडे जाईल आणि गणपतीनंतर कादंबरीकडे वळाल तेव्हा पात्रांचे आवाज विसरलेले असतील. संपादकांना आताच नम्रपणे कळवावे व पुढच्या वर्षीचा शब्द द्यावा. वेळेवर आलेल्या नकाराबद्दल संपादक राग धरत नाहीत. ऐन वेळी आलेल्या नकाराने त्यांची पाने अडतात.

जागेसाठी सदाशिव किंवा नारायण पेठेतील एखादी अभ्यासिका पाहावी. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे तेथे पुष्कळ अभ्यासिका आहेत, महिन्याच्या शुल्कावर ठरलेले टेबल मिळते आणि बहुतेक ठिकाणी भल्या सकाळी दार उघडते. पैसे भरण्यापूर्वी लॅपटॉपवर टंकलेखन चालेल का, एवढे विचारून घ्यावे. काही ठिकाणी कळफलकाच्या आवाजाला हरकत घेतात, आणि मग खर्डा हाताने लिहावा लागतो.