मदत हवी आहे: शके 556 म्हणजे इसवी सन नक्की किती?

कोयनाकाठ:
मंडळी, उद्या सकाळी जुन्या लेखांच्या सनांचा तक्ता छापायला जातोय. शके 556 ला एका पुस्तकात 634, दुसऱ्यात 635. सुरतेची मावशी विक्रम संवत 690 म्हणते, मला 691 येतो. एकच आकडा सांगा.

पंचांगवेडा:
कुठला लेख? महिना-तिथी दिलीय का?

घाटवाट:
78 मिळवा, 634. झालं.

पंचांगवेडा:
असं नाही होत. शकवर्ष चैत्रात सुरू होतं. जानेवारीपासून पुढे 79 मिळवावे लागतात. शिवाय वर्ष गत (सरलेलं) की वर्तमान (चालू)?

कोयनाकाठ:
अहो, कर्नाटकातल्या ऐहोळेचा, रविकीर्ती कवीचा! चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख. महिना नाही त्यात.

ओवी:
मग लेखातच बघा. भारतयुद्धापासून 3735 आणि शकराजांची 556 वर्षं 'समतीतासु', म्हणजे सरलेली. फरक 3179, कलियुगाची गणना आणि शक यांच्यात नेहमी असतो तोच. एकाच श्लोकजोडीत दोन गणना देऊन कवीनं आपली केवढी सोय केलीय! आपल्या पंचांगातला शकही गतवर्षांचाच, म्हणून 78-79 च मिळवा; महिना नाही, तेव्हा 634-35.

घाटवाट:
'शालिवाहन शके' लिहा, नुसतं शके नको.

ओवी:
नको हो. लेखात 'शकानामपि भूभुजाम्' म्हणजे शक राजांची असंच आहे. शालिवाहनाचं नाव या शकाला कित्येक शतकांनी जोडलं गेलं.

तापीकाठ:
मावशी बरोबर आहेत. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो. तिथे चैत्र ते आश्विन 690, पुढे 691. उत्तरेत चैत्रापासूनच 691.

सह्यमित्र:
राष्ट्रीय पंचांगाचं वर्ष 22 मार्चला सुरू होतं, लीप वर्षी 21 ला.

पंचांगवेडा:
ते 1957 पासूनचं, इथे लावू नका.

रानपाखरू:
ऐहोळेला हा लेख आहे ती मेगुती देवळाची टेकडी सकाळीच चढा, दुपारी दगड तापतात. त्याच लेखात तीन महाराष्ट्रकं (महाराष्ट्राचे तीन भाग) आणि त्यांतली 99 हजार गावं आहेत, तक्त्यात तेही घ्याच.

कोयनाकाठ:
तक्ता फक्त सनांचा आहे. हिजरीचा रकानाही आहे, तिथे काय?

तापीकाठ:
13. ते 7 मार्च 634 ला सुरू झालं. पण ही गणना खलिफा उमर यांनी नंतर ठरवली, त्या वर्षी कुणी '13' लिहीत नव्हतं. तशी टीप द्या.

कोयनाकाठ:
आभार. इसवीच्या रकान्यात जागा तीनच आकड्यांची आहे...

ओवी:
रकाना रुंद करा, पण 634-35 च लिहा.

कोयनाकाठ:
करतो. खालच्याच ओळीत राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा सामानगड ताम्रपट आहे, शके 675. तोही 753-54 ना?

पंचांगवेडा:
नाही! तिथे माघातली रथसप्तमी दिलीय, म्हणजे जानेवारी लागल्यावरची; 79 मिळवा. सरळ 754 लिहा.