संध्याकाळच्या दुआ : रक्षणाची मागणी आणि क्षमेची याचना

प्रश्न (लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

अस्सलामु अलैकुम. माझे लक्ष्मीपुरीत किराणा मालाचे दुकान आहे आणि असर (दुपारनंतरची नमाज) ते मगरीब (सूर्यास्तानंतरची नमाज) हीच आमची सर्वाधिक गर्दीची वेळ असते. नमाज चुकत नाही, मात्र त्यानंतरचे जिक्र (अल्लाहचे स्मरण) घाईत उरकले जाते. शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे अरबी दुआ (प्रार्थना) मी देवनागरीतूनच पाठ केल्या आहेत. मोबाइलवर येणाऱ्या लांबलचक याद्यांमध्ये प्रत्येक दुआपुढे मोठमोठे लाभ लिहिलेले असतात. त्यांपैकी हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत) खरोखर काय आहे, ते मला समजून घ्यायचे आहे. वेळ थोडा असेल, तर कोणत्या दुआ सोडू नयेत? त्यांची वेळ कोणती? आणि मासिक पाळीच्या ज्या दिवसांत नमाज माफ असते, त्या दिवसांत पत्नीने या दुआ म्हणाव्यात का?

प्रतिसाद 1

व अलैकुम अस्सलाम. सूर्यास्तापूर्वी तस्बीह (अल्लाहचे पावित्र्यगान) करण्याची आज्ञा कुरआनात सूरह काफ (50:39) आणि सूरह ताहा (20:130) या दोन्ही ठिकाणी आहे, म्हणून अनेक उलेमांनी (धर्मपंडितांनी) असर ते मगरीब ही वेळ उत्तम मानली आहे. काहींच्या मते ती मगरीबनंतर सुरू होते. त्यामुळे दुकान आवरून मगरीबनंतर शांतपणे म्हटल्या, तरी आपण संध्याकाळचे जिक्र सोडले असे होत नाही.

रक्षणासाठी कुरआनातील सूरह इखलास, फलक आणि नास प्रत्येकी 3 वेळा म्हणाव्यात. हे अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत आहे. ‘अऊजु बिकलिमातिल्लाहित्ताम्माति मिन शर्रि मा खलक’ (अल्लाहने जे निर्माण केले त्याच्या वाईटापासून मी त्याच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागतो) ही दुआ सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात येते. विंचवाने डंख मारलेला एक माणूस पैगंबरांकडे (स.) आला, तेव्हा ‘संध्याकाळी हे शब्द म्हटले असतेस, तर त्याने तुला अपाय केला नसता,’ असे त्यांनी सांगितले.

क्षमेसाठी ‘सय्यिदुल इस्तिगफार’ (क्षमायाचनेची सर्वश्रेष्ठ दुआ) कधीही सोडू नये. पैगंबरांचे सहकारी हजरत शद्दाद बिन औस यांच्याकडून आलेली ही दुआ सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. तिचा आशय असा : हे अल्लाह, तू माझा पालनकर्ता आहेस, तुझ्याशिवाय कोणीही उपास्य नाही, तू मला निर्माण केलेस, मी तुझा दास आहे आणि माझ्या शक्तीनुसार तुझ्याशी केलेल्या करारावर व वचनावर कायम आहे, मी जे केले त्याच्या वाईटापासून मी तुझा आश्रय मागतो, माझ्यावरील तुझे उपकार मी मान्य करतो आणि माझे पापही मान्य करतो, मला क्षमा कर, कारण तुझ्याशिवाय पापे क्षमा करणारा कोणी नाही. पूर्ण विश्वासाने ही दुआ रात्री म्हणणारा सकाळ होण्यापूर्वी मरण पावला, तर तो जन्नतवाल्यांपैकी असेल, असे हदीसमध्ये आहे. येथे आश्रय मागितला आहे तो विंचवापासून किंवा शत्रूपासून नव्हे, तर स्वतःच्याच कृत्यांपासून. याद्यांमध्ये रक्षणाच्या दुआ एकीकडे आणि क्षमेच्या दुसरीकडे मांडल्या जातात, ते मला म्हणूनच पटत नाही. लोक क्षमायाचना करीत असताना अल्लाह त्यांना शिक्षा करणार नाही, असे कुरआनच (8:33) सांगतो.

प्रतिसाद 2

भाईजान, वहिनींच्या प्रश्नाबद्दल लिहिते. त्या दिवसांत जिक्र, दुआ, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आणि इस्तिगफार (क्षमायाचना) यांना कोणतीही मनाई नाही. कुरआनच्या आयतींबाबत फकीहांमध्ये (धर्मकायद्याच्या जाणकारांमध्ये) मतभेद आहेत. आपल्याकडे बहुतेक जण पाळतात त्या हनफी फिक्हमध्ये (धर्मकायद्याच्या परंपरेत) तिलावतीच्या (कुरआनपठणाच्या) नव्हे, तर दुआच्या हेतूने आयतुल कुर्सीसारख्या (कुरआन 2:255) आयती म्हणण्यास मुभा दिलेली आहे.

मुलांसाठीची दुआही यात जरूर जोडा. पैगंबर (स.) आपले नातू हजरत हसन आणि हुसैन यांच्यासाठी अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागत आणि हजरत इब्राहीम हेच शब्द इस्माईल व इस्हाक यांच्यासाठी म्हणत, असे सांगत (बुखारी). अंधार पडू लागताच मुलांना घरात घ्यावे, अल्लाहचे नाव घेऊन दारे बंद करावीत आणि भांडी झाकावीत, हेही हदीसमध्येच आहे. दुआबरोबर दाराची कडी लावण्याचीही शिकवण आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे असे मला वाटते.

प्रतिसाद 3

दुआ म्हणूनही संकट आले, तर कित्येकांचा विश्वास डळमळतो, म्हणून एक प्रसंग लिहितो. ‘बिस्मिल्लाहिल्लजी ला यजुर्रु…’ ही दुआ सकाळ-संध्याकाळ 3 वेळा म्हणणाऱ्याला काहीही अपाय करू शकत नाही, ही हदीस तिसरे खलीफा हजरत उस्मान यांचे पुत्र अबान सांगत असत. पुढे त्यांनाच अर्धांगवायू झाला. ऐकणारा त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला, तेव्हा ते म्हणाले की हदीस खरीच आहे, परंतु ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी मी रागात होतो आणि ती म्हणायला विसरलो. तिर्मिजीच्या कथनात, अल्लाहचा निर्णय अमलात यावा म्हणून त्या दिवशी ती म्हटली गेली नाही, असे आहे. दुआ नियतीच्या बाहेरची नाही, हे अबान यांनी आजारपणातही किती स्वच्छपणे सांगितले!

अगदीच वेळ नसेल, तर हजरत इब्ने उमर यांची हदीस पाहावी (अबू दाऊद). पैगंबर (स.) सकाळ-संध्याकाळ जी दुआ सोडत नसत, तिच्यात आधी धर्म, संसार, कुटुंब आणि संपत्ती यांबाबत क्षमा व सलामती मागितली आहे, मग दोष झाकण्याची व भीती शमवण्याची विनंती आहे आणि त्यानंतर पुढून, मागून, उजवीकडून, डावीकडून व वरून रक्षणाची मागणी आहे.

प्रश्नकर्ता

जजाकल्लाह. आणखी एकच शंका आहे. एखाद्या गिऱ्हाइकाकडून हिशेबात जास्त पैसे घेतले गेले असतील, तर इस्तिगफार पुरेसा आहे का?

प्रतिसाद 1

नाही. पाप सोडणे, पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तौबाच्या (पापापासून अल्लाहकडे परतण्याच्या) तीन अटी आहेत. पण माणसाचा हक्क बुडाला असेल, तर तो परत करणे ही चौथी अट हदीसचे विद्वान इमाम नववी यांनी सांगितली आहे. गिऱ्हाईक ओळखीचे असेल, तर पैसे त्यालाच द्यावेत. शोधूनही ते सापडत नसेल, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने सदका (दान) करावी आणि पुढे कधी ते भेटले व त्याने पैसे मागितले, तर तेव्हाही देण्याची तयारी ठेवावी.